करपेवाडीचा तहानलेला पाहुणा

माझ्यापुढं ऊन पाणी भरतं, बरं का! तरुणपणी रेल्वेचे रूळ टाकायला मी पार वाळवंटात गेलो होतो. भर दुपारी तापल्या वाळूवरून अनवाणी चाललोय मी. चाललो म्हणजे... नाचलोच. आणि नाचत नाचत थेट पिण्याच्या पाण्याच्या टाक्यात जाऊन बसलो. मुकादमानं कान धरून मला बाहेर काढलं.

हसू नका गं. सरका जरा, वाळ्याच्या पडद्याजवळची जागा तुमच्या या नानांची. आता दुपारचे जरा डोळे मिटा. बकुळे, एक मिटून एक उघडा, असं नाही चालत.

तर एकदा काय झालं. जिथं जायला रूळसुद्धा कंटाळतात, तिथं एक गाव होतं. खरं नाव मला उच्चारता यायचं नाही, म्हणून मी म्हणतो करपेवाडी. काय ऊन होतं म्हणता! बाया पापड वाळत घालायच्या आणि भाजलेले उचलायच्या. कुणी भांडायला निघालाच, तर अंगणात पोचेपर्यंत त्याचा राग वाळून जायचा. गावाला राजा होता. पण मुकुट घातला की कपाळाला चटका, म्हणून बिचारा मुकुट रांजणात बुडवून ठेवायचा. आणि सावल्या तर महाबिलंदर! माणूस दुपारी बाहेर निघाला की त्याची सावली उंबऱ्यातच बसकण मारायची. म्हणायची, "तू जाऊन ये, मी घर सांभाळते."

पण माणसं सोन्यासारखी. तिथली रीत अशी, की दारात कुणीही आलं तरी आधी पाणी, मग नाव. तहान पुरती भागल्याशिवाय 'कोण, कुठला' विचारायचं नाही.

त्या गावात राहायची हरकूआजी. अख्ख्या गावात झाड नव्हतं. आजीच्या अंगणात मात्र कडुनिंबाचं एक रोप होतं, वीतभर. आपल्या वाटणीचं अर्धं पाणी आजी प्यायची, अर्धं त्याला घालायची. लोक हसायचे. "आजी, याची सावली पडेपर्यंत तू असशील का?" आजी म्हणायची, "मी नसेन. बसणारं कुणीतरी असेल की!"

मग एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या. रोपानं मान टाकली. आजीच्या माठात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. आज घातलं तर रोप जगणार, नाही तर गेलंच. ऊन कललं की घालू, म्हणून आजी वाट बघत बसली, आणि त्याच वेळी गावात एक पाहुणा शिरला. लालबुंद तोंड, ओठ फुटलेले, चालला की पायाखालची वाळू चरचरायची.

आधी तो गेला धनजी उंटवाल्याकडं. धनजीनं पाण्याची कातडी मशक पुढं केली. पाहुण्यानं ती घटाघटा संपवली आणि म्हणाला, "अजून?"

मग गेला राजाकडं. राजानं रांजण दाखवला. तोही संपला. तळाशी नुसता मुकुट खुळखुळला. पाहुणा म्हणाला, "अजून?"

मग आला हरकूआजीच्या दारात. मागं सगळा गाव. धनजी ओरडला, "आजी, याला आधी नाव विचार! तुझं रोप मरेल!"

आजी थांबली. रोपाकडं पाहिलं. पाहुण्याच्या ओठांकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाव विचारून काय करू? नाही आवडलं तर पाणी नाही म्हणू?" आणि माठ त्याच्या ओंजळीत रिता केला.

पाहुण्यानं शेवटचा थेंब चाटला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "भागली. मी सूर्य."

सगळे गार! म्हणजे, त्या गावात जितकं गार होता येतं तितके.

धनजी उखडला. "वा रे वा! रोज आम्हाला भाजतोस, आणि वर आमचंच पाणी पितोस?"

सूर्य खाली बघत म्हणाला, "मी मुद्दाम भाजत नाही रे. मी आलो की तुम्ही दारं लावून घेता. आजवर मला कुणी 'बस' म्हणालं नाही."

आजी म्हणाली, "मग बस."

रोपाची सावली केवढी? भाकरीएवढी. सूर्यानं तेवढ्यातच डोकं टेकवलं. कसं मावलं, ते मला विचारू नका, मी मोजायला गेलो नव्हतो. आजी पंख्यानं वारा घालत राहिली. आणि मग काय! जन्मात कधी न झोपलेला सूर्य घोरायला लागला.

तशी भरदुपारी संध्याकाळ झाली. वारा सुटला. सावल्या आळोखेपिळोखे देत उंबऱ्याबाहेर आल्या. माणसं चवड्यांवर चालायला लागली. "शू! उठेल तो!" आणि हळूहळू रोपाच्या पानांवर दव धरलं. थेंब ओघळून मुळाशी गेले. रोपानं मान वर केली.

सूर्य डोळे चोळत उठला. म्हणाला, "उद्या येऊ का गं, आजी?"

"ये. पण घोरू नकोस, मेल्या. शेजारी लेकुरवाळी आहे."

मग तो रोज दुपारी यायला लागला. रोज दव पडायचं, रोज रोप वाढायचं. आजीसुद्धा त्या सावलीत बसली, बरं का, आणि चांगली पुष्कळ वर्षं बसली. मी गेलो तेव्हा आजी नव्हती. झाड होतं, हे एवढं! बुंध्याशी माठ होता. त्या पाण्यात दाताखाली जराशी वाळू लागायची. तसं पाणी पुन्हा मिळालं नाही, पोरींनो. आता तिथं कोण आहे, कोण नाही, देव जाणे.

तर करपेवाडीत सगळे सुखानं नांदले. आता तुम्हीही झोपा. या घटकेला सूर्य त्या झाडाखाली गाढ झोपलाय. आवाज केलात तर उठेल.

"नाना," बकुळी डोळे न उघडताच म्हणाली, "तो तिकडं झोपलाय, तर मग आपल्या पत्र्यावर कोण तापतंय?"