कवडशाचं पिल्लू

डोंगराच्या अगदी माथ्यावर, ढगांच्या दारातच म्हणा ना, ढगपूर नावाचं एक चिमुकलं शहर होतं. तिथे ढग रस्त्यावरून चालायचे, दुकानात शिरायचे, खिडकीतून आत डोकवायचे. कुणी जेवायला बसलं की ताटातल्या भातावरसुद्धा येऊन बसायचे! तांबड्या तांबड्या वाटा, हिरवीगार झाडं, निळ्या निळ्या दऱ्या आणि सगळ्यांवर पांढरंशुभ्र धुकं. इतकं गोड गाव की बघणाऱ्याने बघतच राहावं. फक्त एक गोष्ट तिथे फार फार थोडी होती. ती म्हणजे ऊन.

आणि सगुणाच्या घरच्यांना नेमकं तेच हवं होतं.

सगुणा ही भिवा कुंभाराची लेक. सगळे तिला सगू म्हणायचे. तिच्या नाकावर कायम मातीचा एक ठिपका असायचा, कितीही पुसला तरी. घरात बाबा, आई, सगू आणि नुसतं "ब्बू ब्बू" करणारा धाकटा ढब्बू. खाली सपाटीवरच्या त्यांच्या गावात मडकी कुणी घेईनासं झालं, म्हणून ते दुसऱ्या गावी गेले. तिथेही जम बसेना, म्हणून तिसऱ्या. सगूला कुठे एखादी मैत्रीण मिळायची, की लगेच आई बोचकं बांधायला घ्यायची. बिचारी सगू! रडायची नाही, पण गाडीत मागे तोंड करून बसायची.

मग ढगपूरच्या मोठ्या बागेतून बाबांना बोलावणं आलं. बागेत फुलांची जत्रा भरणार होती आणि तिला गाडीभर कुंड्या हव्या होत्या. बागेच्या भिंतीला टेकून एक पिटुकलं कौलारू घर होतं. बागेचे मोठे माळी दगडूमामा म्हणाले, "भिवा, जत्रेच्या आधी कुंड्या झाल्या तर हे घर तुझं. खुशाल कायमचा राहा. पण नाही झाल्या, तर मला दुसरा कुंभार बघावा लागेल आणि घरही त्यालाच द्यावं लागेल."

ते घर सगूला पाहताक्षणी आवडलं. त्याला एक इवलीशी खिडकी होती आणि खिडकीखाली अख्खी दरी होती. कधी नव्हे ते तिच्या मनाने घेतलं, की आता इथून हलायचं नाही.

बाबांनी चाक फिरवलं. गोल गोल, गुबगुबीत कुंड्या तयार झाल्या. सगूने त्यांच्या काठांवर बोटाने नक्षी काढली. पण कुंड्या वाळतील तर ना! सकाळी पाहावं तर ओल्या, संध्याकाळी पाहावं तर ओल्याच. बाबांनी एक कुंडी तशीच भट्टीत घालून पाहिली. फट्! तिचे तुकडे तुकडे झाले.

"ओल्या मातीला आग सोसत नाही गं," बाबा आईला म्हणाले. "खाली आपल्याकडे ऊन कसं भरभरून असायचं. इथं काय करावं, मला काही सुचेना झालंय."

आईने ढब्बूचं ओलं दुपटं चुलीजवळ धरलं आणि एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा सगूच्या बरोबर काळजात जाऊन बसला.

सगू उठली आणि मागच्या दाराने बागेत गेली. नेच्याच्या हिरव्या झालरींखाली, जांभळाच्या काळ्याभोर मुळांपाशी एकटीच बसून राहिली. इतक्यात कुणीतरी बारीक, किणकिणत्या आवाजात ओरडलं, "अगं बाई! माझे कवडसे!"

सगूने पाहिलं. काटेरी झुडपात अंगठ्याएवढी एक परी अडकली होती! केशरी झगा, चतुराच्या पंखांसारखे झुळझुळीत पंख आणि कमरेला सोन्याच्या काड्यांची परडी. परडी कलंडली होती. तिच्यातून सांडलेले उन्हाचे कवडसे गवतात इकडेतिकडे पळत होते. कुणी बोराएवढा, कुणी पुरीएवढा, कुणी पिवळाधमक, कुणी लाजरा गुलाबी. चमचम, चमचम, नुसती झुंबड!

सगूने आधी परीचा झगा काट्यातून हळूच सोडवला. मग कवडशांच्या मागे धावली. हातात धरले की ते कोमट लागत आणि गुदगुल्या करत. एक लबाड कवडसा तर तिच्या परकराच्या ओच्यातच जाऊन लपला. सगूच्या मनात आलं, हा एक घरी नेला तर? एक कुंडी तरी वाळेल! पण तिने तोही अलगद काढला आणि परडीत ठेवला.

"तू एकसुद्धा घेतला नाहीस?" परीने विचारलं.

"ते तुमचे आहेत ना," सगू म्हणाली.

परी खुदकन हसली. "मी कवडशांची परी. या ढगपुरात ऊन थोडं आणि घरं फार. म्हणून रोज पहाटे मी एकेक कवडसा त्याच्या त्याच्या जागी ठेवून येते. सगू, तुझी एक इच्छा मी पुरी करीन. काय हवं तुला?"

सगूने क्षणभरही विचार केला नाही. "आमच्या अंगणात मोठ्ठं ऊन!"

परी थोडी गंभीर झाली. "देईन. पण काही नियम ऐक. मला नवं ऊन बनवता येत नाही, इथलं उचलून तिथे ठेवता येतं. ते कुठून आणलं हे मला विचारायचं नाही. पण तुझं तुलाच दिसलं, तर मात्र डोळे मिटून घ्यायचे नाहीत. उद्याच्या तिन्हीसांजेपर्यंत तुला ते परत करता येईल. नाही केलंस, तर ते कायमचं तुमचं. आणि परत केलंस, तरी दुसरी इच्छा मागता येणार नाही हं."

"कबूल!" सगू म्हणाली. कायमचं ऊन! ते परत कोण कशाला करील?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काय थाट! भलामोठा, सोनसळी, उबदार कवडसा पसरला होता. एका कोपऱ्यात कुणीतरी चावा घेतल्यासारखा आकार सोडला, तर अगदी ऐसपैस. बाबांनी धावत धावत कुंड्या उन्हात मांडल्या. ढब्बू उन्हात लोळला. आईने दुपटी वाळत घातली आणि कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणली.

मग तिने नाक वर करून हुंगलं. "काय गं सगू, या उन्हाला घोड्याचा वास का येतोय?"

"उन्हाला कुठे वास असतो का?" बाबा हसले. "सगू, तेवढी करीमचाचांकडून घोड्याची लीद घेऊन ये बरं. पुढच्या कुंड्यांच्या मातीत कालवायला लागेल. आजचा दिवस आणि उद्याचा दिवस असंच ऊन राहिलं, की भट्टी लावतो आणि घर आपलं!"

सगू टोपली घेऊन उड्या मारत उतारावर गेली. तिथे करीमचाचांचा तबेला होता. चाचा पाहुण्यांना घोड्यावरून डोंगर फिरवायचे. त्यांच्या सगळ्या घोड्यांत म्हातारा होता बत्तासा. पांढराशुभ्र, मऊ मऊ नाकाचा. रोज सकाळी तो तबेल्यासमोर जांभळाखालच्या उन्हात उभा असायचा आणि सगू दिसली की मान हलवायचा.

आज बत्तासा उभा नव्हता. सावलीत, ओल्या गवतावर पाय दुमडून बसला होता. त्याच्या अंगावर घोंगडी होती आणि तरी तो कुडकुडत होता.

"काय झालं चाचा याला?" सगूने विचारलं.

"गुडघे धरलेत बेटी त्याचे," करीमचाचा त्याचे पाय चोळत म्हणाले. "म्हातारा झालाय ना. रोज या जागी ऊन पडायचं. तासभर शेकून घेतलं की उठायचा, चालायचा. आज ऊनच आलं नाही. कुणावर रुसलं कुणास ठाऊक! सकाळपासून उठवतोय, उठत नाही. घोडा असा बसून राहिला ना, तर मग..." तोंड फिरवून चाचा पुन्हा पाय चोळू लागले.

सगूने वर पाहिलं. जांभळाची एक फांदी आडवी आली होती. तिची सावली पडायची, म्हणूनच तर उन्हाच्या कोपऱ्याला चावा घेतल्यासारखं दिसायचं! तिच्या अंगणातलं ऊन ते हेच.

तिला वाटलं, काही न पाहिल्यासारखं करावं आणि घरी पळावं. कुंड्या अर्ध्या वाळल्यात. आई गातेय. खिडकीखाली दरी आहे. एक घोडा तर आहे! तिने डोळे घट्ट मिटले. पण मिटल्या डोळ्यांसमोरही बत्तासाच कुडकुडत होता. मग तिने डोळे उघडले. बत्तासाने तिच्या ओंजळीत नाक ठेवलं. ते थंडगार होतं.

सगू जी धावत सुटली ती थेट बागेत. "परीताई! परीताई! ऊन परत घ्या! ते बत्तासाचं आहे!"

नेच्याची झालर हलली. "नीट विचार कर, सगू. मग पुन्हा काही मागता येणार नाही."

"मला माहीत आहे," सगू हुंदके देत म्हणाली. "पण लवकर न्या. तो उठत नाहीये!"

परीने बोट फिरवलं. सगू घरी आली, तेव्हा अंगण पुन्हा धुक्याने भरलं होतं. ओलसर कुंड्यांपाशी बाबा डोक्याला हात लावून बसले होते. सगूने रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. परी, इच्छा, बत्तासा, सगळं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आता आपलं घर जाणार ना? माझ्यामुळेच ना?"

बाबांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या हाताची माती तिच्या केसांना लागली. "तू केलंस तेच बरं केलंस गं माझे बाय. मीही हेच केलं असतं."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि सगूला गरम गरम पेज दिली. पण त्या दिवशी घरात कुणी गाणं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगू बत्तासाला बघायला गेली. बत्तासा उभा होता! आपल्या सोनसळी उन्हात ऐटीत उभा राहून शेपटी उडवत होता. सगूने त्याच्या गळ्याला मिठी मारली. इतक्यात त्याच्या पायांमधून काहीतरी टुणकन बाहेर आलं. चांदीच्या रुपयाएवढं, पिवळंजर्द, थरथरणारं. ते सगूच्या पावलावर चढलं आणि खाली उतरलं. ती एक पाऊल चालली, तसं तेही चाललं.

सगू पळाली तर तेही धडपडत, कोलांट्या खात मागे मागे आलं. वाटेत एका दगडाला अडखळलं, तेव्हा तिने त्याला उचलून घेतलं. घरी अंगणात पोचल्यावर ते एका कुंडीजवळ गरकन फिरलं आणि मुटकुळं करून बसलं.

"कवडशाला पिल्लू झालं!" भिंतीवरून किणकिणता आवाज आला. परी तिथे पाय हलवत बसली होती. "मला नवं ऊन बनवता येत नाही, सगू. पण हातात आलेला कवडसा कुणी आपणहून परत दिला, की त्याला पिल्लू होतं. फार वर्षांनी झालंय बघ. हे तुझं. मात्र याचाही एक नियम आहे. जो येईल त्याला यात बसू दे, तरच हे वाढेल."

सगूने अंगणाचं फाटक सताड उघडलं. पहिली आली एक मनीमाऊ, ओल्या मिशा झाडत. ती रुपयाएवढ्या उन्हात कशीबशी मावली आणि पिल्लू भाकरीएवढं झालं! मग करीमचाचा खोगिराखालची ओली घोंगडी घेऊन आले. पिल्लू परातीएवढं झालं. शेजारच्या मुली ओले केस वाळवायला आल्या. "तू नवी ना? नाव काय तुझं?" म्हणून त्यांनी सगूला आपल्यात ओढून बसवलं. पिल्लू सतरंजीएवढं झालं! कुणी मिरच्या आणल्या, कुणी बाळाची अंगडी आणली, कुणी नुसतेच गुडघे शेकायला आले. दुपारपर्यंत सगळं अंगण उन्हाने काठोकाठ भरलं आणि बाबांच्या कुंड्या माणसांच्या मधे मधे ऐटीत वाळू लागल्या.

त्या लखलखाटात सगूला परी दिसली. केशरी झगा पिवळा झाला, पिवळा पांढरा झाला, पंखांची झुळझुळ तेवढी उरली.

"जाऊ नका ना!" सगू म्हणाली.

"मी कुठे जातेय? तू त्यातच तर बसली आहेस," परी हसून म्हणाली आणि उन्हात ऊन होऊन गेली.

बाबांनी भट्टी लावली. एकही कुंडी फुटली नाही. टिचकी मारली की टण्ण वाजायची! जत्रेत त्यांच्यात लाल, जांभळी, निळी फुलं डोलली. दगडूमामांनी स्वतः येऊन घराची किल्ली आईच्या हातावर ठेवली. आईने ती कनवटीला खोचली आणि पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली.

काही महिन्यांनी डोंगर चढून एक गाडी ढगपुरात आली. गाडीत ओल्या गोधड्या होत्या आणि मागे तोंड करून बसलेली एक लहान मुलगी होती. सगू फाटकातून धावत गेली.

"ए, अशी रडवेली होऊ नकोस," ती म्हणाली. "आमच्या ढगपुरात ऊन थोडं असतं, पण आमच्या घरी आहे. चल, त्या गोधड्या घेऊन ये!"

ऊन वाटलं, कुंड्या वाळल्या आणि आमची गोष्टही खडखडीत वाळली. आता तिची घडी घालून ठेवू या!