पायातला लाल धागा

फार जुनी गोष्ट आहे, निरोप माणसांच्या पायांनी जायचे तेव्हाची. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका खोल दरीच्या काठावर जासुदांचं, म्हणजे निरोप घेऊन धावणाऱ्यांचं गाव होतं. दरीपलीकडे बाजार होता, वैद्य होता. पलीकडची माणसं दिसायची, त्यांच्या हाका ऐकू यायच्या, पण मध्ये पूल नव्हता. वैद्याला आणायचं तर सात कोसांचा वळसा. घाई झालेली माणसं दोराला धरून दरी उतरायची, आणि दर पावसाळ्यात त्यांतलं कुणी ना कुणी परत यायचं नाही.

या गावाचा एक रिवाज होता. बाहेरून जासूद आला की त्याला गूळपाणी द्यायचं आणि एकही प्रश्न विचारायचा नाही. त्याच्याजवळचा निरोप गुपित असेल, तर विचारून त्याला पेचात का टाकायचं? रिवाज चांगलाच होता. पण चांगला रिवाजही नको तिथे लावला की घात करतो.

गावात हौसा नावाची मुलगी होती. सोळाव्या वर्षी तिच्याइतकं वेगात धावणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण तिच्या मनात धावणं नव्हतं. तिला दरीवर पूल बांधायचा होता.

रोज धावून आली की ती गावाबाहेरच्या म्हाताऱ्या पाथरवटाकडे जाऊन बसायची. कमान स्वतःचा भार कशी पेलते, मधला दगड केवढा घ्यायचा, हे तो तिला मापं टाकून, गणितं घालून शिकवायचा.

एकदा पाथरवट हसत म्हणाला, “पोरी, पूल झाला तर तुम्हा जासुदांच्या पोटावर पाय येईल.”

“येऊ दे. वैद्य तरी वेळेवर येईल,” हौसा म्हणाली.

मोठे पूल बांधायची विद्या शिकवायचे ते शिखरावरच्या विद्यापीठात. तिथे दर वर्षी हजार मुलं यायची आणि बारा घेतली जायची. तेही सोळाव्या वर्षीच. दुसरी संधी नव्हती. त्या बारांतली एक जागा धावणाऱ्यासाठी राखलेली असे, कारण नदीपलीकडच्या विद्यापीठाशी शिखराची दर वर्षी शर्यत लागायची आणि ती हरणं तिथल्या आचार्यांना मुळीच खपत नसे.

त्या कार्तिकात शिखराचा पारखी, म्हणजे गावोगावची मुलं हेरणारा माणूस, गावात आला. त्याने हौसाला धावायला लावलं. ती परत आली तेव्हा त्याने तिच्या घोट्याला लाल धागा बांधला आणि म्हणाला, “मुली, तू आमच्या नजरेत भरलीस. वैशाखात शिखरावर ये.”

गावाने त्याला गूळपाणी दिलं. त्याने ते घेतलं आणि तो तिथेच थांबला, कुणी काही विचारेल म्हणून.

हौसा पुढे झाली. “महाराज, असे धागे तुम्ही…”

गावाचे मुख्य म्हणजे तिचे आजोबाच. त्यांनी हात वर केला. “हौसे, गूळपाणी घेतलेल्याला विचारतात का?”

“आजोबा, हे कुणाचा निरोप घेऊन आलेले नाहीत. मला माझ्याबद्दलच विचारायचंय.”

“थोरामोठ्यांनी शब्द दिला की त्याची चिरफाड करायची नसते.”

पारख्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, काठी उचलली आणि तो चालू लागला.

शब्द कुणी दिलाच नव्हता. पण दारावर तोरण चढलं. हौसा शिखरावर पोहोचलीच, असं जो तो म्हणू लागला. महिन्याभराने नदीकाठच्या एका लहान पाठशाळेचा निरोप आला. तिथेही पूल बांधायला शिकवत आणि त्यांना हौसा हवी होती. आजोबांनी निरोप परत पाठवला. शिखराचा धागा पायात असताना नदीकाठच्या दारात कोण उभं राहील, असं त्यांनी चारचौघांत म्हटलं आणि चारचौघांनी माना डोलावल्या.

मग त्यांनी तिचं पाथरवटाकडे जाणंही बंद केलं. हौसाने कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “धागा कुठे बांधलाय, डोक्याला की पायाला?”

पारावरचे सगळे हसले. हौसा हसली नाही. पण तिने राग गिळला, आणि मुलगी किती समजूतदार म्हणून तिचं कौतुक झालं. सहा महिने ती सकाळ-संध्याकाळ फक्त धावली.

वैशाखात ती शिखराच्या पायथ्याशी पोहोचली. तिथे मुलामुलींचा घोळका उभा होता. तिने प्रत्येकाच्या पायाकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घोट्याला लाल धागा होता.

पारखी तिथेच होता. हौसाने सहा महिन्यांपूर्वीचा प्रश्न आता विचारला. “असे धागे किती जणांना बांधलेत?”

“चाळीस.”

“आणि जागा?”

“एक. शर्यत झाली की वर गणिताची परीक्षा. धागा म्हणजे फक्त, येऊन बघ.”

“हे गावात का नाही सांगितलंत?”

पारखी खाली बघत म्हणाला, “जिथे विचारतात तिथे सांगतो. न विचारता सांगितलं तर निम्मी मुलं येणार नाहीत. तुझ्या गावात मी थांबलो होतो, मुली.”

हौसा धावली. ती पहिली आली. तेव्हा दुसरा मुलगा अजून खालच्या वळणावर होता.

वर तिच्यापुढे पाटी आली. ओढा अठरा हात रुंद, कमानीला दगड किती आणि मधला दगड केवढा? कार्तिकात हे तिने एका बैठकीत सोडवलं असतं. आता कमान डोळ्यांपुढे उभी राहत होती, पण मापं जुळत नव्हती. वेळ संपला तेव्हा पाटी अर्धी कोरी होती.

जागा शर्यतीत दुसरा आलेल्या मुलाला मिळाली. तो मेंढपाळांच्या वस्तीतला होता. त्याच्या मावशीने पारख्याला दारातच अडवून विचारलं होतं, “धाग्याशिवाय आणखी काय लागतं?” मुलगा सहा महिने धावलाही होता आणि शिकलाही होता.

परतीच्या वाटेवर हौसा नदीकाठच्या पाठशाळेत गेली. तिथले वर्ग भरले होते. पुढच्या वर्षी ये, असं त्यांनी तिला प्रेमाने सांगितलं.

ती गावात शिरली. धावत आलेल्याला द्यावं तसं कुणीतरी तिच्या हातात गूळपाणी दिलं. आणि मग, रिवाजाप्रमाणे, कुणीच काही विचारलं नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

हौसाने भांडं खाली ठेवलं. “विचारा,” ती म्हणाली. “निरोप माझाच आहे. विचारा, आजोबा.”

आजोबा पुढे आले. “किती जणांच्या पायात धागा होता?”

“चाळीस जणांच्या.”

“जागा?”

“एक.”

“त्या दिवशी तू हेच विचारणार होतीस?”

“हेच.”

आजोबा तिच्या पायाशी बसले आणि धागा सोडू लागले. सहा महिन्यांच्या धुळीने आणि घामाने गाठ घट्ट बसली होती. ती त्यांच्या बोटांनी सुटेना. शेवटी हौसानेच विळ्याने धागा कापला.

पुढच्या वर्षी ती नदीकाठी शिकायला गेली आणि शिकून परत आली. दरीवर पूल झाला. तो आजही तिथे आहे म्हणतात. पण तो एक पावसाळा उशिरा झाला. त्या एका पावसाळ्यात दोर तुटून दोघं गेली. पूल पहिल्यांदा ओलांडताना आजोबा मधल्या दगडावर थांबले आणि त्या दोघांची नावं त्यांनी मोठ्याने घेतली.

तेव्हापासून त्या गावात पाहुण्याला गूळपाणी आधी देतात, आणि पहिला प्रश्न ज्याचं भविष्य पणाला लागलंय ते मूल विचारतं.

बोध : आपल्याला हेरलं म्हणजे निवडलं असं होत नाही, म्हणून मुलांनी विचारावं, आणि मान राखण्याच्या नावाखाली मोठ्यांनी त्यांचं तोंड दाबू नये.