दुसरा पाय

"पण बाई, मदतनीस व्हायला शिकायचं काय असतं?"

कांचनचा आवाज चढलाच होता. तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजात ती शिक्षक-मदतनिसाची पदविका घेत होती आणि घरी सासरे रोज हाच प्रश्न विचारून तिचं डोकं उठवत होते. प्रात्यक्षिकात नापास झालीस तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही, असंही त्यांनी बजावलं होतं.

तिला शिकवणाऱ्या मालनबाईंचं उभं आयुष्य बालवाडीत शिकवण्यात गेलं, पण उत्तरं द्यायला ही बाई पहिल्यापासून कंजूष.

कॉलेजची बालवाडी नुकतीच सुटली होती. दाराशी सतरंजीवर बसून छोटी ईश्वरी सँडलचा पट्टा बकलात घालत होती. पट्टा जरा शिरायचा, निसटायचा...

बाईंनी हनुवटीनं तिकडे खूण केली.

कांचन झपाट्यानं गेली. दोन्ही पट्टे लावले, वर गालगुच्चा घेतला.

ईश्वरीनं पायांकडे पाहिलं. मग दोन्ही सँडल ओढून काढले, भिरकावले आणि भोकाड पसरलं.

"हाताची घडी," मालनबाई म्हणाल्या. "तोंडावर बोट."

"अहो बाई, ती रडतेय. ती कशी गप्प बसेल?"

"तिला नाही. तुला."

...

दोन लेकरांची आई, आणि तोंडावर बोट! कांचनला भयंकर राग आला. तरी बसली. ईश्वरी त्या दिवशी सँडल हातात घेऊन अनवाणी घरी गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"ह्याला शिक्षण म्हणायचं?" कांचननं विचारलं.

"अवघड जातंय?"

"फार."

"मग शिक्षणच."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले ते नेमके बालवाडी सुटताना. साहेब आले की उठून उभं राहायचं, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मुलं उठली, बाकीच्या विद्यार्थिनी उठल्या, मालनबाईही उठल्या.

कांचन उठली नाही. ईश्वरीसमोर सतरंजीवर बसलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. पट्ट्याचं टोक बकलात शिरत होतं.

"ह्यांना उठायची पद्धत माहीत नाही का?" साहेबांनी विचारलं.

कांचन घाबरली होती. सासऱ्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिनं बोट बाजूला केलं.

"सर, थांबा जरा."

"मी थांबू?"

"हो."

आणि बोट पुन्हा तोंडावर.

वर्गात कुणी हललं नाही. ईश्वरीनं जीभ बाहेर काढून पट्टा ओढला... तो बसला. तिनं पाय आपटून पाहिला आणि दुसरा सँडल पुढ्यात घेतला.

साहेब मालनबाईंकडे वळले. चेहरा लाल झाला होता.

"गुण माझ्या हातात आहेत, हे तुमच्या विद्यार्थिनीला ठाऊक आहे ना?"

मालनबाई गुडघ्यांवर हात टेकत सतरंजीवर बसल्या, कांचनच्या शेजारी. त्यांनीही हाताची घडी घातली.

"ठाऊक आहे, साहेब. अजून दुसरा पाय राहिलाय. बसा खाली."