पायऱ्यांना भिंत घातलेली बारव

खाली उतरायची वाट शोधू नका. बारव पायऱ्यांची आहे खरी, पण पायऱ्यांच्या तोंडाशी आमच्याच गावाने भिंत घातली आहे. पाणी काढायचे ते वरून, पोहऱ्याने. का, ते सांगतो. गावाने मिरवावी अशी ही गोष्ट नाही.

फार पूर्वी या गावाला नारूने पछाडले होते म्हणे. उन्हाळा लागला की पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा डोकावायचा. तो काढायची तान्हाई नावाची विधवा. किड्याचे टोक काडीला गुंडाळून ती रोज बोटभर ओढून घेई. घाईत तुटला तर पाय सुजून माणूस दगावायचा.

फोडाची आग सोसेना की लोक बारवेत उतरून पाय बुडवत. पाय बुडाला की फोडातून दुधासारखे पाणी सुटते, हे तान्हाईने पाहिले. तेच पाणी सगळे गाव पीत होते. मळ्यातल्या आडाचे पाणी पिणाऱ्यांना मात्र नारू नव्हता. पायऱ्या बंद करा, असे सांगायला ती पाटलाकडे गेली. बारवेत साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे ठाणे, त्यामुळे पाटील बिचकला.

"आसरांची वाट बंद करायची व्हय? त्या कोपल्या म्हंजी?"

"वरीसभर बंद करून बघा. फुडल्या उन्हाळ्याला नारू निघाला, तर म्या गाव सोडीन."

भिंत उभी राहिली. पुढचा उन्हाळा आला आणि घरोघरी पहिल्यासारखाच नारू निघाला. पोटात गेलेला नारू बाहेर यायला वर्ष घेतो, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तान्हाईलाही नव्हते. आसरा कोपल्या, असे जो तो म्हणू लागला. तिच्या स्वतःच्या मांडीलाही मागल्या अंगाने फोड आला होता. जिने गावाचे पाय वाचवले, तिला राहा म्हणायला एक माणूस पुढे आला नाही. शब्दाला जागून ती लंगडत माहेरी निघून गेली, असे सांगतात.

भिंत पाडायचे ठरले होते. पण पेरण्या आल्या आणि काम राहून गेले. आळसाने गाव तारले, असे आमचे आजोबा म्हणत. कारण त्यापुढच्या उन्हाळ्यात एकाच्याही पायाला नारू निघाला नाही.

मग पाटील स्वतः तिला आणायला गेला. दारात तिचा भाऊ भेटला.

"ती गेली, वरीस झालं. मागं हात पुरंना तिचा. म्या ओढाया गेलो अन् किडा तुटला."

आजही आमच्या गावात कुणावर ठपका ठेवायचा झाला, तर पंच दोन उन्हाळे थांबतात. पाहुण्यांना त्याचे कौतुक वाटते. मला वाटत नाही. तिचा जीव घेऊन आम्ही ते शिकलो.