तेल बघायची पट्टी

चंदगडच्या दूध संघाच्या जीपा तीस वर्षं हौसाक्काच दुरुस्त करायची. नवी गाडी दाखवायला आलेले केळकर इंजिनिअर अध्यक्षांना म्हणाले, "आता या बाईंचं काम संपलं. इंजिनातलं सगळं हा स्क्रीनच सांगतो. तेल बघायची पट्टीसुद्धा आम्ही काढून टाकलीय!"

अध्यक्षांनी खरेदीच्या कागदावर सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात हौसाक्काने पाना घेऊन नव्या गाडीच्या आणि शेजारी उभ्या जुन्या जीपच्याही बॅटरीची वायर सोडवली.

"समजा, घाटात बॅटरी बसली. सांगा सायेब, तेल किती?"

स्क्रीन काळाठिक्कर. केळकर नुसतीच बटणं दाबत राहिले.

हौसाक्काने जीपची पट्टी उपसली, पदराला पुसली, पुन्हा बुडवून अध्यक्षांसमोर धरली. "बोटभर कमी हाय. आमची म्हातारी बेशुद्ध पडली तरी तिची नाडी लागते, आबा!"

अध्यक्षांनी पेन परत खिशाला लावलं.