मिरी मुंगी आणि आलटरपालटर

एक होती मुंगी. काळी काळी, गोल गोल. अगदी मिरीच्या दाण्यासारखी. म्हणून तिचं नाव मिरी.

आज मिरी पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली. आई म्हणाली, "मिरे, खाऊ घेऊन ये हं."

मिरी म्हणाली, "आणतेच बघ!"

अंगणात उभी होती नलूकाकूची पोपटी गाडी. काल काकूने गाडीत बसून भेळ खाल्ली होती. मिरी आत शिरली. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि काय सापडलं? एक चुरमुरा! पांढराशुभ्र! मिरीपेक्षाही मोठा!

मिरीने चुरमुरा डोक्यावर घेतला. ऐटीत निघाली. तेवढ्यात पाय घसरला. टुप्! चुरमुरा पडला सीटखाली. सीटखाली होता काळाकुट्ट अंधार.

"अगं बाई! माझा चुरमुरा! आता रिकाम्या हाताने घरी जाऊ? छे छे! मुळीच नाही!"

मिरी गेली गाडीतल्या दिव्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना!
चुरमुरा माझा दिसेना!"

दिवा म्हणाला, "मी कसा लागू? बॅटरी मला वीज देईना. ती देईल, तर मी लागेन."

मिरी गेली बॅटरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, वीज द्या ना!
दिवा काही लागेना,
चुरमुरा माझा दिसेना!"

बॅटरी म्हणाली, "देऊन देऊन मी रिकामी झाले गं! वीज तयार करतो अल्टरनेटर. तो मला भरेना. तो भरेल, तर मी देईन."

"आलट... काय?"

"अल्टरनेटर!"

बाप रे, केवढं ते नाव! मिरीच्या इवल्याशा तोंडात मावेना. "आलट... पालट... हां! आलटरपालटर! कळलं, कळलं!"

कळलं म्हणे! बरं, चला.

मिरी गेली अल्टरनेटरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आलटरपालटर आजोबा, बॅटरी भरा ना!
बॅटरी वीज देईना,
दिवा काही लागेना,
चुरमुरा माझा दिसेना!"

आजोबा म्हणाले, "घर्रर्र... फुस्स! पोरी, मी झिजलो गं. नुसता फिरतो, वीज काही होत नाही. माझ्या जागी आता नवा बसव. पण मी हलू कसा? बोल्ट मला सोडेना. तो सोडेल, तर मी हलेन."

मिरी गेली बोल्टकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोल्टभाऊ, बोल्टभाऊ, सोड ना!
आलटरपालटर बॅटरी भरेना,
बॅटरी वीज देईना,
दिवा काही लागेना,
चुरमुरा माझा दिसेना!"

बोल्ट गुरगुरला, "मी कसा सोडू? पान्हा मला फिरवेना. तो फिरवेल, तर मी सोडेन."

मिरी गेली पान्ह्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पान्हा पेटीत लोळत होता.

"पान्हेमामा, पान्हेमामा, फिरवा ना!
बोल्ट आलटरपालटर सोडेना,
आलटरपालटर बॅटरी भरेना,
बॅटरी वीज देईना,
दिवा काही लागेना,
चुरमुरा माझा दिसेना!"

पान्ह्याने जांभई दिली. "मी कसा फिरवू? काकू मला उचलेना. ती उचलेल, तर मी फिरवेन."

काकू कुठे होती? दारातच होती. चपला घालत होती. "मेली बॅटरीच बिघडली! नवी बॅटरी घेऊन येते."

मिरी ओरडली, "थांब काकू, थांब! बॅटरी बिचारी चांगली आहे! आधी ऐक माझं!

पान्हा बोल्ट फिरवेना,
बोल्ट आलटरपालटर सोडेना,
आलटरपालटर बॅटरी भरेना,
बॅटरी वीज देईना,
दिवा काही लागेना,
चुरमुरा माझा दिसेना!"

"अगं बाई, असं होय! मी उगाच बॅटरीला नावं ठेवत होते!" काकू गेली दुकानात. घेऊन आली नवा कोरा अल्टरनेटर. चकचकीत!

काकूने पदर खोचला. आधी बॅटरीची तार काढली. मग पान्हा उचलला. करकर, करकर! बोल्ट सुटला. जुने आजोबा बाहेर आले. नवा आत बसला. पट्टा चढला. आता फक्त एक नट लावायचा होता.

आणि नट निसटला! टण्! टण् टण् टण्! खाली कोपऱ्यात जाऊन बसला.

काकूने हात घातला. हात जाईना. बोट घातलं. बोटही जाईना. काकूने पान्हा खाली ठेवला. "जा बाई! आता नट निघेल, तरच मी पान्हा उचलेन!"

मिरीने कपाळावर पाय मारला.

"नट काही निघेना,
काकू पान्हा उचलेना,
पान्हा बोल्ट फिरवेना,
बोल्ट आलटरपालटर धरेना..."

अरेच्चा! मघाशी म्हणे सोडेना, आता म्हणे धरेना!

"...आलटरपालटर बॅटरी भरेना,
बॅटरी वीज देईना,
दिवा काही लागेना,
चुरमुरा माझा दिसेना!"

आता कोणाकडे जायचं? मिरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच उरलं नव्हतं.

उरली होती फक्त मिरी.

"काकू," मिरी म्हणाली, "दोरा दे."

मिरीने दोऱ्याचं टोक तोंडात धरलं. कोपऱ्यात शिरली. अंधार होता. मिरी थोडीशी घाबरली. पण थांबली नाही हं! नटाच्या भोकातून आत, पलीकडून बाहेर. परत काकूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओढ काकू!"

काकूने दोऱ्याची दोन्ही टोकं धरून ओढली. सर्रर्र! नट आला वर!

मग काय विचारता!

नट निघाला.
काकूने पान्हा उचलला.
पान्ह्याने बोल्ट फिरवला.
बोल्टने आलटरपालटर धरला.

काकूने बॅटरीची तार जोडली. शेजारच्या पोरांनी गाडीला धक्का दिला. हईशा! हईशा! भुर्रुम्!

आलटरपालटर फिरला, घूंऽऽ घूंऽऽ!
त्याने बॅटरी भरली.
बॅटरीने वीज दिली.
दिवा लागला, लख्ख!
आणि सीटखाली दिसला... चुरमुरा!

काकू म्हणाली, "मिरे, तुला मूठभर चुरमुरे देते गं!"

"नको काकू. मला माझाच हवा."

मिरीने चुरमुरा डोक्यावर घेतला. घरी निघाली. मान ताठ, पावलं ऐटीत.

आई म्हणाली, "एवढा मोठा चुरमुरा! शाब्बास! पण इतका उशीर का गं?"

"गाडी दुरुस्त करत होते."

"तू?"

"हो, मी! काकूने केली थोडीशी मदत."

"आणि काय बिघडलं होतं?"

मिरीने मोठ्ठा श्वास घेतला. छाती पुढे काढली.

"अल्... टर... ने... टर!"

बरोब्बर! एकदाही अडखळली नाही. आई बघतच राहिली. चुरमुऱ्याचा पहिला घास तिने मिरीलाच भरवला.

चुरमुरा गेला कुरुम् कुरुम्,
गाडी गेली भुर्रुम् भुर्रुम्,
आता तू म्हण बघू... अल्टरनेटर!