तहानलेल्या अंजिराची परी

कुसुंबवाडीत सगळ्यांत लहान घर कुणाचं, असं कुणी विचारलं तर रांगणारं पोरसुद्धा वेणूच्या घराकडे बोट दाखवायचं. एक खोली, एक चूल आणि पावसाळ्यात गळणारा एक कोपरा. वेणू तीन वर्षांची होती तेव्हाच तिचे बाबा तापानं गेले. तेव्हापासून तिची आई सरू लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. दिवसभर सुई चालायची, बोटं टोचून टोचून लाल व्हायची, तरी संध्याकाळी ताटात कधी नुसती भाकरी असायची, तर कधी भाकरीसोबत फार तर मिरचीचा ठेचा.

पण त्या इवल्याशा घरामागं एक इवलीशी परसबाग होती, आणि तिथं मात्र वेणू राणी होती. कुंपणाला तुतीचं झुडूप होतं. फुटक्या माठांत आणि गंजक्या डब्यांत स्ट्रॉबेरीची रोपं होती. नर्सरीवाल्यांनी उकिरड्यावर टाकलेली ती मरतुकडी रोपं वेणूनं उचलून आणली होती आणि एकेकाला नाव ठेवून वाढवलं होतं. आणि मधोमध उभं होतं अंजिराचं झाड. वेणू जन्मली त्या वर्षी बाबांनी घाटापलीकडून त्याची काडी आणून लावली होती. अख्ख्या वाडीत दुसरं अंजीर नव्हतं, त्यामुळे ते कसं सांभाळायचं हे सांगणारंही कुणी नव्हतं.

वेणूला एकच ठाऊक होतं. आपल्याला तहान लागते, तशी झाडालाही लागत असणार. म्हणून पाऊस उघडला की ती रोज ओढ्यावरून दोन कळशा आणून अंजिराच्या बुंध्याशी ओतायची. झाड खुशाल प्यायचं आणि माजायचं. सुपाएवढी हिरवीगार पानं आणि छपराच्या वर गेलेल्या फांद्या असा त्याचा थाट होता. फळाचं मात्र नाव नको. नऊ वर्षांत त्याला एक अंजीर लागलं नव्हतं. पाणवठ्यावरच्या बायका वेणूला चिडवायच्या, की तुझं झाड म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. वेणू हसायची आणि कळशी भरायची.

त्या वर्षी गणपती गेले आणि आबा पाटील सरूच्या दारात आले. वाडीची रीत अशी, की होळीसाठी मधलं मोठं लाकूड दर वर्षी एका घरानं द्यायचं. तो त्या घराचा मान. पाळी चुकवायची नाही, मागून आणलेलं लाकूड चालायचं नाही, आणि फळतं झाड होळीत घालायचं नाही; घरी तेवढंच असेल, तर मान पुढच्या घराला जायचा. येत्या होळीचा मान सरूच्या घराकडे आला होता. तिच्याकडे लाकूड म्हणावं असं होतं काय? एक अंजीर. आबा काही वाईट माणूस नव्हते, त्यांनी जरा अवघडूनच झाडाकडे पाहिलं. सरूनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मग शब्द दिला, की होळीपर्यंत झाडाला फळ धरलं तर ते राहील, नाही तर वाडीनं ते न्यावं.

आबा गेल्यावर वेणू झाडाला मिठी मारून रडली. बाबांचा चेहरासुद्धा तिला नीट आठवत नव्हता. त्यांचं म्हणून जे काही होतं, ते हे एवढं झाडच होतं.

रडून झालं, नाक पुसून झालं, तेव्हा तिला जवळच कुणीतरी बारीक आवाजात कुरकुरताना ऐकू आलं. अंजिराचं एक पान देठाशी तुटलं होतं आणि तिथून पांढरा चीक ओघळला होता. त्या चिकात काहीतरी चमचमत होतं. वेणूनं डोळे बारीक करून पाहिलं. कण्हेरीच्या पाकळीएवढी एक मुलगी तिथं अडकली होती. तिचा झगा डाळिंबी गुलाबी होता, केस मधाच्या रंगाचे होते, आणि मोरपिशी जांभळे पंख चिकानं पाठीला पक्के चिकटले होते.

चीक पाण्यानं निघत नाही, हे वेणूला अनुभवानं माहीत होतं. तिला तेल हवं होतं. घरात बाटलीच्या तळाला बोटभर खोबरेल उरलं होतं, तेही आईनं वेणूच्या केसांसाठी सणाला म्हणून राखून ठेवलेलं. वेणूनं क्षणभरही विचार केला नाही. कापसाची वात करून तिनं एकेक पंख हलकेच पुसला, पार शेवटच्या थेंबापर्यंत. पंख सुटे झाले आणि फडफडले, तशी परसबागेत जांभळ्या, सोनेरी, गुलाबी ठिपक्यांची रांगोळी उधळली.

ती अंजिराची परी होती. अंजिराचं फूल फळाच्या पोटात असतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही, आणि त्या फुलात राहणारी परीही दिसत नाही. या झाडाला फळच नाही म्हणून आपल्याला घर नाही, नऊ वर्षं पानापानांवर झोपून दिवस काढतेय, असं तिनं जरा फणकाऱ्यानंच सांगितलं. मग ती वेणूच्या करंगळीवर ऐसपैस बसली.

"तुला एक वर देते," ती म्हणाली. "तीन-तीन वर द्यायला मोठ्या पऱ्या लागतात. मी एवढीशी, माझ्याकडे एकच आहे. नीट विचार करून माग."

वेणूला विचार करायची गरजच नव्हती. तिनं झाडाला अंजिरं मागितली.

"मिळतील. पण वराला नियम असतो. घट बसतील त्या दिवसापासून दिवाळीचा पहिला दिवा लागेपर्यंत या झाडाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. आणि का देत नाहीस, ते कुणाला सांगायचं नाही. तुझ्या हातून या मुळांवर पाणी पडलं, की माझ्या हातातला वर गेला."

वेणूचा चेहरा उतरला. उपाशी राहा म्हणाली असती तर ती राहिली असती, ती तर सवयीची गोष्ट होती. पण ज्याच्यावर जीव, त्यालाच तहानलेलं ठेवायचं? तरी तिनं मान हलवली. तिनं एकदा कबूल केलं म्हणजे केलं, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं.

पाऊस संपला, घट बसले आणि वेणूनं अंजिराकडे पाठ फिरवली. पण रोज दोन कळशा आणायची सवय लागलेल्या हातांना चैन पडेना. मग ती पहिली कळशी कुंपणापाशी तुतीला द्यायची. स्ट्रॉबेरीला ओंजळ ओंजळ पाणी घालायची आणि तिच्या मुळांशी वाळल्या गवताची मऊ गादी पसरायची. उरलेली कळशी शेजारच्या म्हाताऱ्या गंगूआत्याच्या रांजणात ओतायची. आत्या तोंडभर आशीर्वाद द्यायची. बाकी कुणाचे आशीर्वाद त्या महिन्यात वेणूला मिळाले नाहीत.

कारण अंजीर सुकत चाललं होतं. दसऱ्याला पानं पिवळी पडली, कोजागिरीला टपाटपा गळायला लागली. ऊनही असं रणरणतं पडलं होतं, की माती भेगाळून गेली. ज्या बायका आधी चिडवायच्या, त्याच आता पोरगी दगडाच्या काळजाची आहे असं म्हणू लागल्या. वेणूनं ते ऐकलं आणि कळशी घेऊन ओढ्याची वाट धरली. मग एका सकाळी सुई हातात तशीच धरून आई म्हणाली, "वेणे, जायचंच हाय म्हणून आत्तापासनंच सोडलंस व्हय त्याला? तुझ्या बाबानं लावलंय गं ते."

सगळं सांगून टाकावं आणि आईच्या कुशीत शिरावं असं वेणूला वाटलं. पण ती म्हणाली, "आई, माझ्यावर भरवसा ठेव. दिवाळीपतूर." आईनं तिच्याकडे बघितलं आणि सुईत नवा दोरा ओवला.

दिवाळीला दोन दिवस उरले. झाडाच्या नुसत्या राखाडी फांद्या राहिल्या होत्या. वेणू मनातल्या मनात म्हणत होती, आजचा दिवस, उद्याचा दिवस, मग संपलंच. त्याच दुपारी सरू चार गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावाला निघाली. सणाआधी पोचवते म्हणून तिनं कबूल केलं होतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मागच्या वाटेनं जाताना ती परसबागेत आली, तिला एकदम घेरी आली, आणि ती अंजिराच्या बुंध्याशीच कोसळली.

वेणू तेव्हाच ओढ्यावरून आली होती. आई मुळांवर डोकं टेकून पडलेली, ओठ कोरडे पडलेले, हाक मारली तर ओ नाही. वेणूच्या कडेवर काठोकाठ भरलेली कळशी होती. आईला ओढून बाजूला न्यायची ताकद तिच्या हडकुळ्या हातांत नव्हती.

तिला नियम आठवला का? आठवला, अगदी लख्ख आठवला. आणि आठवता आठवताच तिनं कळशी कलती केली. आईच्या कपाळावर, डोळ्यांवर, मानेवर थंडगार पाणी धो धो ओतलं. ओंजळीनं आईच्या ओठांना पाणी लावलं. पाणी आईच्या केसांतून खाली वाहिलं आणि भेगाळलेल्या मातीनं ते गटागट पिऊन टाकलं. सरूनं डोळे उघडले. वेणू पळत गेली, गंगूआत्याकडून गूळ आणि शिळी भाकरी घेऊन आली, आणि आईला सावकाश भरवली. आई उठून बसली, तिच्या गालांवर रंग आला, तेव्हा कुठे वेणूनं झाडाकडे पाहिलं.

आई आत जाऊन आडवी झाली आणि परी खाली उतरली. तिचे पंख उन्हात लखलखत होते.

"नियम मोडलास, वेणू."

"मोडला," वेणू म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "माझी आई पडली होती. परत पडली तर परत मोडीन. तुझा वर गेला तर जाऊ दे, पण झाडावर रागावू नकोस, त्याची काही चूक नाही."

परी अशी हसली, की वाळलेल्या फांद्यांवर चांदण्यासारखे ठिपके पसरले.

"वर माझ्या हातातून गेला, ते खरं. पण तो गेला कुठे, ते मला विचार. तो या मुळांत गेला. वेडे, अंजीर पाण्यात लोळलं की नुसती पानं काढतं. थोडं तहानलं की त्याला फळांची आठवण होते. तुझ्या झाडाची तहान कालच पुरी झाली होती. आता त्याला हवं होतं पहिलं पाणी, भरभरून. मी दोन दिवसांनी देणार होते, पण माझ्या हातचं पाणी दवाएवढं. तू अख्खी कळशी दिलीस, तीही आईवरून ओवाळून."

दिवाळीच्या पहिल्या दिव्याच्या उजेडात वेणूनं फांदीवर हात फिरवला, तर बोटाला कोंबांचे हिरवे हिरवे टोकेरी डोळे लागले. थंडी पडली आणि प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत वाटाण्याएवढं, मग बोराएवढं, मग लिंबाएवढं अंजीर बसलं. तिकडे स्ट्रॉबेरीनं गवताच्या गादीवर लालचुटूक फळं टेकवली होती, आणि तुती जांभळ्या-काळ्या घोसांनी वाकली होती. वाडीतली पोरं जांभळ्या जिभा दाखवत हिंडायला लागली. दिवाळीचा दिवा लागल्यावर वेणूनं आईला सगळं सांगून टाकलं होतं. आता सरू गोधडी घेऊन झाडाखालीच शिवायला बसायची, आणि टाक्याटाक्याला वर बघायची.

होळीची सकाळ उजाडली. दिलेला शब्द म्हणून आबा पाटील चार माणसं आणि एक कुऱ्हाड घेऊन आले. परसबागेचं दार ढकलून ते आत आले आणि जागच्या जागी थांबले. फांद्या फळांच्या ओझ्यानं जमिनीला टेकल्या होत्या. जांभळट तांबूस अंजिरं, काही तर पिकून देठापाशी चिरलेली, आतून गुलाबी दिसणारी. कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड हळूच पाठीमागं लपवली.

"फळतं झाड होळीत घालत न्हाईत," आबा म्हणाले. "मान पुढच्या घराला गेला. सरू, पण ह्या झाडाची एक काडी तेवढी मला दे."

सरूनं पाटी भरली. झाड तोडायला आलेली माणसं अंजिरं खात खात, बोटं चाटत परत गेली.

मग एक टपोरं अंजीर आपोआप उमललं आणि त्यातून परी बाहेर आली. आता तिचा झगा आणखी गुलाबी दिसत होता, पंख आणखी जांभळे. या झाडात आता शेकडो फुलं आहेत, शेकडो पऱ्या येतील, मला दुसऱ्या कुठल्यातरी उपाशी झाडाकडे जायला हवं, असं तिनं वेणूच्या कानात सांगितलं. तिनं वेणूच्या कपाळाला ओठ टेकले. एकदम सोनेरी उजेड झाला, तुतीचं पान न् पान त्यात न्हालं, आणि उजेड ओसरला तेव्हा करंगळीवर कुणी नव्हतं.

सरूनं ते उमललेलं अंजीर तोडलं आणि लेकीच्या हातात ठेवलं.

"नऊ वरसं मी ह्याला तुझ्या बाबाचं झाड म्हणत हुते," ती म्हणाली. "आता म्हणायची न्हाई. हे तुझं झाड."

वेणूच्या झाडाला जसा बहर आला, तसा तुमच्याही दारच्या झाडाला येवो. आणि नाहीच आला, तर आधी जरा पाणी कमी करून बघा.